चाल कुणाची, बाज कुणाचा

नाशिकहून वणी-सापुतारा करत घाट उतरला आणि वघई मागे टाकलं की वांसदा लागतं. डांगच्या जंगलाला टेकलेलं हे गाव एका लहानशा संस्थानाची राजधानी होतं. इंग्रजी अमदानीत हे संस्थान सुरत एजन्सीत मोडायचं. स्वातंत्र्यानंतर ते विलीन झालं आणि गाव सुरत जिल्ह्यात आलं. १९६४ मध्ये सुरतेतून वलसाड जिल्हा वेगळा निघाला, १९९७ मध्ये वलसाडातून नवसारी. म्हणून आजच्या नकाशात वांसदा नवसारी जिल्ह्यात सापडतं. १ मे १९६० पर्यंत मात्र सुरत आणि नाशिक हे एकाच मुंबई राज्याचे जिल्हे होते.

या गावातल्या पांचाळ कुटुंबात १९२९ मध्ये जयकिशन डाह्याभाईंचा जन्म झाला. हार्मोनियमवर हात बसलेला हा तरुण मुंबईला आला, पृथ्वीराज कपूर यांच्या पृथ्वी थिएटर्समध्ये पेटी वाजवू लागला, आणि तिथेच त्याची तबला वाजवणाऱ्या शंकर यांच्याशी जोडी जमली. १९४९ च्या 'बरसात'पासून पुढची वीस-बावीस वर्षं हिंदी चित्रपटसंगीतावर शंकर-जयकिशन या जोडनावाचा केवढा पगडा होता, ते मराठी वाचकाला सांगायला नको. त्यांची एक ध्वनिमुद्रिका मात्र चित्रपटाच्या गर्दीत मागे राहिली. १९६८ मध्ये एचएमव्हीने काढलेली 'राग जॅझ स्टाईल'. तिच्यात ना गायक, ना शब्द, ना चित्रपट. आहेत फक्त अकरा राग, आणि ते वाजवायला सतार, तबला, बासरी यांच्या जोडीला ट्रंपेट, सॅक्सोफोन, पियानो, इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि ड्रम.

जॅझचे वादक दुसऱ्याचं लोकप्रिय गाणं घेऊन त्याचं काय करतात, हा या प्रकरणाचा विषय आहे. त्यासाठी या मुद्रिकेइतकं जवळचं उदाहरण मला दुसरं सापडत नाही. इथे 'दुसऱ्याचं गाणं' म्हणजे राग आहे, आणि वाजवणाऱ्यांना तो परका नाही. परका आहे तो बाज.

आधी तीन वर्षं मागे जाऊ. १९६५ मध्ये शम्मी कपूरचा 'जानवर' आला. संगीत शंकर-जयकिशन यांचंच. त्यातलं एक गाणं सरळ बीटल्सच्या 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड'वर बेतलेलं आहे. बीटल्सचं मूळ गाणं १९६३ च्या अखेरीस इंग्लंडमध्ये निघालं होतं, म्हणजे दोन वर्षांच्या आत ते हिंदी होऊन पडद्यावर आलं. १९६८ च्या 'झुक गया आसमान'मधल्या एका गाजलेल्या गाण्यामागे एल्व्हिस प्रेस्लीचं 'मार्गेरिटा' उभं आहे. 'गुमनाम'चं शीर्षकगीत ऐकताना हेन्री मॅन्सिनीची 'शराड' ही धून ज्याला आठवत नाही, त्याने ती ऐकलेलीच नसते. ही गाणी वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. काही तर फार देखणी आहेत. पण मूळ चालीचं नाव त्यांच्यावर कुठेही नाही. ज्याला मूळ माहीत नाही त्याच्या लेखी ती पूर्णपणे नवी, आणि ज्याला माहीत आहे त्याच्या मनात फक्त 'उचललं' एवढाच शेरा. दोघांच्याही वाट्याला रूपांतराचा आनंद येत नाही.

'राग जॅझ स्टाईल' याच्या अगदी उलट वागते. तिच्यातल्या प्रत्येक तुकड्याचं नावच मुळाचं नाव आहे: तोडी, भैरव, मालकंस, कलावती, तिलककामोद, मियाँ की मल्हार, बैरागी, जयजयवंती, मिश्र पिलू, शिवरंजनी आणि शेवटी, मैफलीच्या रिवाजाला धरून, भैरवी. मूळ काय ते आधीच सांगून टाकलं, की ऐकणारा दोन गोष्टी एकदम ऐकू लागतो: समोर वाजणारी, आणि मनात आधीपासून असलेली. दोहोंत जे अंतर पडतं ते त्याला स्वतःला मोजता येतं.

मराठी माणसाला ही रीत जुनी आहे. १८८० च्या 'संगीत शाकुंतला'पासून नाटकांच्या छापील पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून मूळ गाण्याचा मुखडा दिलेला असतो. अण्णासाहेब किर्लोस्करांनी कानडी पदांपासून साकी-दिंडीपर्यंत मिळेल तिथून चाली घेतल्या आणि ते छापून सांगितलं. १९११ च्या 'मानापमाना'त गोविंदराव टेंबे यांनी पूरब बाजाची ठुमरी-दादऱ्याची वळणं आणली, १९१६ च्या 'स्वयंवरा'त भास्करबुवा बखले यांनी रागदारीतल्या बंदिशी. ज्या रसिकाला ती बंदीश येत होती, त्याला रुक्मिणीच्या तोंडी ती कशी फिरली हे ऐकताना दुप्पट सुख मिळालं असणार. चाल दुसऱ्याची आहे हे सांगितल्याने संगीतकार लहान झाला, असं त्या काळात कुणाला वाटलं नाही.

जॅझचा सगळा संसारच अशा घेतलेल्या चालींवर उभा आहे. ब्रॉडवेच्या नाटकांतली, चित्रपटांतली बत्तीस मापांची (म्हणजे बारची) गाणी हीच अनेक दशकं जॅझच्या वादकांची सामायिक पुंजी होती. त्यांची बांधणी बहुधा एकच: एक ओळ, तीच ओळ पुन्हा, मग वेगळी ओळ, आणि परत पहिली. ओळखीच्या मैफलीत एखाद्या वादकाने गाण्याचं नाव आणि स्वर सांगितला की बाकीचे लगेच सामील होतात. आधी सर्वांनी मूळ चाल वाजवायची. मग चाल सोडून द्यायची, पण तिच्याखाली कॉर्डचा, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या जुडग्यांचा, जो क्रम होता तो फिरत ठेवायचा, आणि त्या फिरत्या जमिनीवर एकेकाने आपली नवी सुरावट तिथल्या तिथे रचायची. शेवटी पुन्हा मूळ चाल. ज्याने ख्याल ऐकलाय त्याला हे पटकन कळतं. मुखड्यावर परत येण्याची ओढ दोन्हीकडे आहे. फरक असा, की ख्यालात पायाखालचा सा हलत नाही आणि जॅझमध्ये जमीन दर मापाला सरकते.

कधी वादक मूळ चाल पूर्णपणे टाकून नुसत्या कॉर्ड ठेवतात. चार्ली पार्करचं १९४५ चं 'को-को' हे रे नोबल यांच्या 'चेरोकी' या गाण्याच्या कॉर्डवर रचलेलं आहे. कायद्याने हक्क चालीवर असतो, कॉर्डच्या क्रमावर सहसा नसतो, म्हणून त्यावर 'चेरोकी'चं नाव लागत नाही. पण जॅझच्या जाणकारांना मूळ ठाऊकच असतं. उलट बाजूला जॉन कोल्ट्रेन. 'साउंड ऑफ म्युझिक' हे नाटक १९५९ मध्ये रंगमंचावर आलं, आणि १९६० च्या ऑक्टोबरमध्ये कोल्ट्रेनने त्यातलं 'माय फेव्हरिट थिंग्ज' मुद्रित केलं. चाल ओळखू येते, पण मधली कॉर्डची ये-जा त्याने जवळजवळ थांबवली आणि दोनच कॉर्डच्या झुल्यावर सोप्रानो सॅक्सोफोन वाजवत राहिला. नाटकातलं गाणं तेरा मिनिटांहून लांब झालं. याच कोल्ट्रेनने रविशंकर यांचं संगीत मन लावून ऐकलं होतं आणि मुलाचं नाव रवी ठेवलं. हे कळलं की तो स्थिर झुला कुठल्या दिशेने निघाला होता याचा अंदाज येतो.

मग रॉक आलं, पॉप आलं, आणि जॅझच्या वादकांची नवी पिढी ब्रॉडवेच्या गाण्यांऐवजी ही गाणी ऐकत मोठी झाली. त्यांनी ती घेतली नसती तरच नवल. यात त्रिकूट, म्हणजे पियानो, डबल बेस आणि ड्रम, हा साचा सर्वांत अवघड आणि म्हणूनच सर्वांत सांगण्याजोगा आहे. रॉकच्या गाण्याची ताकद सहसा चालीत कमी आणि आवाजात जास्त असते: गायकाचा खरखरीत गळा, गिटारचा फाटका नाद, शब्द. त्रिकुटात यातलं काहीच नसतं. पियानोची पट्टी दाबली की स्वर ठरलेला, तो ओढता येत नाही, वाकवता येत नाही. गळ्यातली हरकत पट्ट्यांवर आणताना ती मरते. म्हणजे वादकाला आधी ठरवावं लागतं की या गाण्यात असं काय आहे जे काढलं तर ते गाणंच उरणार नाही.

ब्रॅड मेल्डाऊ, लॅरी ग्रेनेडियर आणि होर्हे रॉसी यांच्या त्रिकुटाने १९९८ च्या मुद्रिकेत रेडिओहेड या रॉक बँडचं 'एक्झिट म्युझिक' वाजवलं. मूळ गाणं वर्षभरापूर्वीच्या 'ओके कॉम्प्युटर'मधलं. मेल्डाऊने ओळखलं की या गाण्याचा जीव त्याच्या कॉर्डमध्ये आहे: त्या क्रमात इतका खोल उतार-चढाव आहे की त्यावर जुन्या ब्रॉडवे गाण्यासारखं लांबवर रचता येतं. 'द बॅड प्लस' या मिनिआपोलिसच्या त्रिकुटाने २००३ च्या मुद्रिकेत निर्वाणा या बँडचं 'स्मेल्स लाइक टीन स्पिरिट' घेतलं. तिथे कॉर्ड चारच, म्हणून मेल्डाऊची वाट बंद. ईथन आयव्हर्सन पियानोवर चाल मांडतो आणि डेव्हिड किंगचे ड्रम तिच्या खालचा ठोका सारखे विस्कटत राहतात. गाण्यातला तरुण संताप गळ्यातून निघून तालात गेला. २००९ मध्ये विजय अय्यर यांच्या त्रिकुटाने एमआयए या लंडनच्या तमिळ गायिकेचं 'गलांग' वाजवलं, तेव्हा तर चाल नावापुरतीच उरली. त्यांनी घेतला तो ठोक्याचा साचा. तीन त्रिकुटं, तिघांनी मुळातली तीन वेगळी हाडं धरली. मला यातलं मेल्डाऊचं सर्वांत पुढचं वाटतं, कारण ते ऐकल्यावर मूळ गाणंही अधिक खोल वाटू लागतं. बॅड प्लसचं ऐकल्यावर मला बॅड प्लस आठवतात.

आता हीच कसोटी १९६८ च्या मुद्रिकेला लावू. रागाचं हाड कोणतं? नुसते स्वर नव्हेत. तेच स्वर असलेले दोन राग चालीने, न्यासाने, आंदोलनाने वेगळे होतात. आणि रागात कॉर्ड नाहीत. एक आधारस्वर, त्याच्या भोवती सगळी हालचाल. जॅझची जमीन सरकती. मग दोघांना एकत्र कुठे बसवायचं?

जॅझने आपल्या बाजूने अर्धी वाट आधीच चालून ठेवली होती. १९५९ मध्ये माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'ने दर मापाला बदलणाऱ्या कॉर्ड बाजूला ठेवून एका स्वरसप्तकावर बराच वेळ थांबण्याची पद्धत रूढ केली. तिच्यातलं 'सो व्हॉट' आपल्या कानांनी ऐकावं: सोळा मापं शुद्ध काफी थाट, मग आठ मापं तोच काफी अर्धा स्वर वर चढवलेला, मग परत खाली. आपल्याकडचा गायक सा असा मधेच सरकवणार नाही, पण थाट ओळखीचा आहे. १९५८ मध्ये डेव्ह ब्रुबेकचं क्वार्टेट भारतात येऊन गेलं आणि मुंबईत सतारवादक अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याशी त्याची भेट झाली. १९६६ मध्ये कलकत्त्यात जन्मलेल्या जॉन मेयर यांनी जमैकात जन्मलेल्या जो हॅरियट यांच्याबरोबर लंडनमध्ये 'इंडो-जॅझ स्वीट' काढली. म्हणजे शंकर-जयकिशन हे या वाटेवरचे पहिले नव्हेत. पण लंडनच्या त्या प्रयोगाला जे वेगळं जुळवावं लागलं, ते मुंबईत रोज सकाळी स्टुडिओत जमत होतं.

इथे गोव्याबद्दल सांगायलाच हवं. गोव्यातल्या चर्चच्या शाळांत मुलांना व्हायोलिन आणि पाश्चात्त्य स्वरलिपी शिकवली जायची. तिथून निघालेले वादक मुंबईच्या हॉटेलांत रात्री जॅझ वाजवत आणि दिवसा चित्रपटाच्या वाद्यवृंदात बसत. आल्दोन्याचे चिक चॉकलेट म्हणजे आंतोनियु झेवियर वाझ यांच्या ट्रंपेटशिवाय सी. रामचंद्रांचा 'अलबेला' कसा वाजला असता? पुणतांब्याच्या या रामचंद्र चितळकरांनी जॅझचा ठेका मराठी-हिंदी कानाला लावला तो या गोवेकरांच्या जोरावर. शंकर-जयकिशनच्या गाण्यांचं वाद्यसंयोजन सेबॅस्टियन डिसोझा करत. संगीतकाराने पेटीवर चाल गुणगुणावी, संयोजकाने ती स्वरलिपीत उतरवून प्रत्येक वादकाच्या समोर त्याचा कागद ठेवावा, ही कामाची रीत होती. तालाची बाजू दत्ताराम यांच्याकडे, ज्यांचा ठेका त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

'राग जॅझ स्टाईल'मध्ये याच जगातली माणसं आहेत. ट्रंपेटवर जॉन परेरा, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो, पियानोवर लुसिला, बेसवर एडी ट्रावस, गिटारवर अनिबल कॅस्ट्रो आणि दिलीप नाईक, बासरीवर सुमंत, तबल्यावर रमाकांत. मध्यभागी रईस खाँ यांची सतार. रईस खाँ गायकी अंगाचे वादक, एका पडद्यावर तार ओढून चार-पाच स्वर काढणारे. आता शेजारी पियानो ठेवा, ज्याच्या दोन पट्ट्यांमध्ये काहीच नाही. सगळी अडचण आणि सगळी गंमत इथे आहे.

काही राग या अडचणीत स्वतःच मदतीला येतात. कलावती घ्या, प्रभा अत्रे यांच्यामुळे मराठी रसिकाच्या कानात कायमचा बसलेला. सा, ग, प, ध आणि कोमल नि. यातले सा-ग-प-नि एकदम वाजवले तर जी कॉर्ड होते, तीच ब्लूजची पायाभूत कॉर्ड. पियानोवाल्याला रागाबाहेरचा एकही स्वर लागत नाही. ड्रम आणि गिटार आल्याबरोबर कलावती आपणहून ब्लूजकडे झुकतो, त्याला कुणी ओढावं लागत नाही.

मालकंसाचं उलट. त्यात रे नाही आणि पंचम नाही. बेसवाल्याच्या हाताची पहिली सवय सा-प, सा-प अशी असते. जगातल्या निम्म्या गाण्यांचा बेस तसाच चालतो. मालकंसात तो प वाजला की राग मेला. म्हणून गायक तंबोऱ्याची पहिली तारही मध्यमात लावतो. तेव्हा बेसने सा-म धरायचं, पियानोवाल्याने नेहमीची तीन स्वरांची घरची कॉर्ड विसरायची आणि म वर आधारलेल्या कॉर्डकडे जायचं. मियाँ की मल्हारात आणखी वेगळं संकट: त्यातला आंदोलित गंधार पियानोच्या कुठल्याच पट्टीवर सापडत नाही, तो सतारीलाच द्यावा लागतो. म्हणजे कोणता स्वर कोणत्या वाद्याच्या वाट्याला, हा निर्णयच इथे राग सांभाळतो.

जयकिशन यांची पेटी मला इथे महत्त्वाची वाटते. हार्मोनियमलाही मींड येत नाही. याच कारणाने आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीस वर्षं तिला दाराबाहेर ठेवलं. जो माणूस लहानपणापासून पेटीवर राग वाजवत आला, त्याने पट्ट्यांवर राग किती राहतो आणि किती निसटतो हा हिशेब आधीच केलेला असतो. शिवाय पेटीवर दोन-तीन पट्ट्या एकदम दाबण्याचा मोह कुणाला होत नाही? चित्रपटांच्या पार्श्वसंगीताची बाजू प्रामुख्याने जयकिशन सांभाळत, आणि तिथे तर शब्दांवाचून, कॉर्डच्या रंगांवर काम करावं लागतं.

मुद्रिकेतलं उणंही सांगितलं पाहिजे. एका एलपीत अकरा राग बसवायचे म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम तीन-चार मिनिटं येतात. आलाप सुरू होतो न होतो तोच ड्रम येतात. जॅझच्या वादकाला रचायला जेवढी मोकळीक हवी तेवढी परेरा किंवा मनोहारी सिंग यांना मिळत नाही. ते सुंदर उत्तरं देतात, पण बरीचशी लिहून दिल्यासारखी. बांधणी चित्रपटगीताची आहे: मुखडा, मधला तुकडा, अंतरा, परत मुखडा. अकराऐवजी चारच राग घेतले असते तर ही मुद्रिका जगातल्या मोठ्या जॅझ मुद्रिकांच्या पंक्तीला बसली असती, असं मला मनापासून वाटतं. १२ सप्टेंबर १९७१ ला जयकिशन गेले, ऐन एक्केचाळिशीत, आणि या वाटेवरचं पुढचं पाऊल शंकर-जयकिशन म्हणून पडलं नाही.

तरी या आखूड तुकड्यांत एक अशी गोष्ट आहे जी लंडनच्या मेयर-हॅरियटना साधणं शक्यच नव्हतं. इथल्या ऐकणाऱ्याकडे या रागांची ओळख शंकर-जयकिशन यांच्याच गाण्यांतून पोचलेली होती. शिवरंजनी म्हणजे दोन वर्षांपूर्वीच्या 'सूरज'मधलं 'बहारों फूल बरसाओ', जे लग्नाच्या प्रत्येक बँडने वाजवून घराघरात नेलं. जयजयवंती म्हणजे १९५५ च्या 'सीमा'तलं लताबाईंचं 'मनमोहना बडे झूठे'. भैरवी तर त्यांची घरचीच, 'बरसात'पासूनची. त्यामुळे राग हे इथे शास्त्रातलं अवघड नाव न राहता लोकप्रिय गाण्याच्या जागी उभं राहतं, जसं मेल्डाऊच्या श्रोत्यासाठी रेडिओहेडचं गाणं.

ऐकायची असेल तर माझी सूचना अशी: सुरुवात तोडीपासून करू नका, जरी ती पहिली असली तरी. आधी 'बहारों फूल बरसाओ' ऐका आणि लगेच मुद्रिकेतला शिवरंजनी लावा. गाण्यातून शब्द आणि रफींचा गळा काढल्यावर कोमल गंधाराचं काम कुणी उचललं ते शोधा. मग कलावती लावा, आणि तो संपल्याबरोबर कुठलाही साधा ब्लूज. त्यानंतर मालकंस, फक्त बेसकडे कान ठेवून. सतार, ट्रंपेट, सगळं थोडा वेळ विसरा आणि सा नंतर बेस कोणत्या स्वरावर जातो तेवढं ऐका. एकदा ही सवय लागली की पुढे राग आणि जॅझ यांची सांगड घालणारी कुठलीही मुद्रिका हातात आली, तर वादकाने राग ऐकून घेतलाय की नुसते स्वर विचारून घेतलेत, हे पहिल्या मिनिटात कळतं.